किल्ली कुणाच्या कमरेला?

पाणी गाळायचं फडकं कसं असावं, हे आपल्या घरांत मुलीला फार लवकर कळतं. जाड सुती असावं, दुहेरी करून घ्यावं, भांड्याच्या तोंडापेक्षा चांगलं मोठं असावं आणि झिरझिरीत झालं की लगेच बदलावं. गाळून झालं की फडक्यावरची जिवाणी गाळलेल्या पाण्यानं हलकेच उतरवायची आणि ज्या विहिरीचं पाणी, तिथंच परत सोडायची. आता विहिरी बुजल्या, नळ आले. तरी बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या कितीतरी स्वयंपाकघरांत तोटीला पांढरं फडकं बांधलेलं दिसतंच.

पाठशाळेत सात तत्त्वं शिकवताना नावेचा दाखला देतात. नावेला भोक पडलं आणि पाणी आत यायला लागलं, तो आस्रव. भोक बुजवलं, तो संवर. आत साठलेलं पाणी हाताशी असेल त्या भांड्यानं उपसून टाकलं, ती निर्जरा. तत्त्वार्थसूत्रात आस्रव सहाव्या अध्यायात येतो आणि संवर-निर्जरा नवव्यात. लहान पोरांना अध्याय लक्षात राहत नाहीत, नाव लक्षात राहते. आधी भोक बुजवायचं, मग उपसायचं. भोक तसंच ठेवून उपसत बसलं तर रात्रभर उपसावं लागेल.

हे सगळं आज सांगायचं कारण संगणक आहे. आमच्या महिला मंडळाचा हिशेब आणि सभासदांची यादी मी संगणकावर ठेवते. त्यामुळे मंडळातल्या बायका आपापल्या घरच्या संगणकाच्या तक्रारी घेऊन माझ्याकडे येतात. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच. "अक्का, हे सारखं अपडेट कर, अपडेट कर म्हणूलालंय. करू काय?" आणि त्याच्या पाठोपाठ, "आमचा मुलगा म्हणतो, नको करू, मशीन स्लो होतंय."

मी सांगते, कर बाई. जेवणाच्या वेळी लावून ठेव, पण कर. त्या अपडेटात नवे रंग, नवी चित्रं, नको असलेल्या जाहिरातीसुद्धा येतात, हे खरं आहे. पण त्याच गाठोड्यात भोकं बुजवायची ठिगळंही असतात. विंडोजची ही ठिगळं २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्या अष्टमी-चतुर्दशीसारखाच तोही नेमाचा वार आहे. ज्या दिवशी ठिगळ जाहीर होतं, त्याच दिवशी भोक कुठं होतं हेही सगळ्या जगाला कळतं, चोरालासुद्धा. म्हणून ठिगळ आल्यावर ते न लावणं हे त्याआधीच्या दिवसांपेक्षा जास्त धोक्याचं असतं.

याचा मोठा धडा २०१७ साली मिळाला. त्या वर्षी १२ मे रोजी वॉनाक्राय नावाचा किडा जगभर पसरला. तो संगणकात शिरून सगळ्या फाइलींना कुलूप घालायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या कितीतरी दवाखान्यांना त्याची झळ लागली, ठरलेल्या तपासण्या आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं ठिगळ मार्च महिन्यातच आलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी लावलं होतं ते वाचले.

पूर्वी हे सगळं ज्याचं त्यानं करायचं असे. विंडोज एक्सपीमध्ये बाहेरून येणारं अडवणारी फायरवॉल होती, पण ती बंद असायची. ज्याला कळतं त्यानं शोधून चालू करायची. २००३ च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा आला तेव्हा माणसानं कुठली फाइल उघडायचीही गरज नव्हती, संगणक नेटला जोडलेला असला की पुरे. त्यानंतर वर्षभरानं, २००४ च्या ऑगस्टमध्ये, एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि ती फायरवॉल आपोआप चालू राहू लागली. बदल लहान वाटतो, पण माझ्या मते सगळी मेख त्यातच आहे. आपल्या घरी पाहुणा आला आणि त्यानं मागितलं तरच गाळलेलं पाणी द्यायचं, असं आपण करतो का? घरात पाणी गाळलेलंच असतं. न मागता मिळतं तेच खरं रक्षण, कारण ज्याला त्याची सगळ्यात जास्त गरज असते त्याला मागायचं ठाऊकच नसतं.

पुढं व्हिस्टामध्ये, काही बसवायच्या आधी "परवानगी आहे का" असं विचारणारी पाटी आली. लोक तिच्यावर वैतागले, पण विचारणं राहिलं. २०१२ च्या विंडोज ८ पासून अँटिव्हायरस आतच मिळायला लागला. त्याआधी दरवर्षी दुकानातून त्याची डबी आणायची आणि मुदत संपली की पुन्हा आणायची. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज १० ला आणखी एक सोय मिळाली, ठरावीक फोल्डरांना अनोळखी प्रोग्रॅमनं हात लावू नये म्हणून. कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस तिचं नाव. ती मात्र आपण चालू करावी लागते. मंडळाच्या संगणकावर मी ती चालू ठेवली आहे. कधीकधी एखाद्या चांगल्या प्रोग्रॅमलाही ती अडवते, मग त्याला हातानं सोडावं लागतं. तेवढा त्रास मी सोसते.

मंडळाच्या यादीत दोनशेच्या वर बायकांची नावं आहेत. पत्ते आहेत, फोन नंबर आहेत. कोण एकटी राहते, कुणाच्या मुलीचं स्थळ बघणं चालू आहे, कुणाला मंडळाकडून औषधाला मदत गेली, हेही आहे. ही माझी वस्तू नव्हे, दुसऱ्यांनी माझ्यापाशी ठेवलेली ठेव आहे. आपण अस्तेय म्हणतो तेव्हा दुसऱ्याचं घेऊ नये एवढंच आठवतं. दुसऱ्याचं आपल्या हातून कुणाला नेऊ देऊ नये, हेही मी त्यात धरते. आपल्याकडे मनोगुप्ती, वचनगुप्ती, कायगुप्ती अशा तीन गुप्ती सांगितल्या आहेत. गुप् धातूचा अर्थ राखणं. जे राखलेलं ते गुप्त, आणि जे झाकलेलं तेही गुप्त. दोन्हींना एकच शब्द पुरतो, हे मला फार बरोबर वाटतं.

इथवरच्या सगळ्या सोयी बाहेरून येणारं अडवायच्या, म्हणजे गाळण्याच्या जातीच्या. अलीकडची सोय वेगळ्या जातीची आहे. ती कुलपाची आहे.

विंडोज ११ हे ५ ऑक्टोबर २०२१ ला आलं. त्यासाठी संगणकात टीपीएम २.० नावाची चिप लागते. ही चिप मदरबोर्डवर असते, आणि तिच्यात किल्ली जपून ठेवता येते. संगणकात जे काही साठवलं आहे ते गुंतागुंतीच्या गणितानं अवाचनीय करून टाकायचं आणि ते पुन्हा वाचण्याची किल्ली या चिपमध्ये ठेवायची, असा हा प्रकार. रोज संगणक चालू करताना चिप बघते, सगळं जिथल्या तिथं आहे का, कुणी काही बदललं आहे का. नसेल तर किल्ली पुढं करते. आपल्याला काही कळतसुद्धा नाही. लॅपटॉप रेल्वेत चोरीला गेला आणि चोरानं डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी त्याला काही वाचता येत नाही. सोय उत्तम आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पूर्वीही ही सोय कितीतरी लॅपटॉपांवर आपोआप चालू व्हायची. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ या आवृत्तीपासून, नवीन मशीनवर किंवा नव्यानं विंडोज घालून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत गेलं की ती आणखी बऱ्याच संगणकांवर आपोआप चालू होते.

पण कुलूप आलं की किल्लीचा प्रश्न येतो. चिपला काही संशय आला, किंवा ती चिपच बदलली, तर संगणक निळा पडदा दाखवतो आणि ४८ आकडे मागतो. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. ती खरी किल्ली. घरगुती संगणकावर ती बहुतेक वेळा मालकाच्या खात्यात आपोआप जाऊन बसलेली असते. मालकाला पुष्कळदा पत्ता नसतो.

किल्ल्यांचं शास्त्र आपल्या बायकांना नवं नाही. तिजोरीची, कोठीची, देव्हाऱ्याच्या कपाटाची अशा सगळ्या किल्ल्यांचा जुडगा सासूच्या कमरेला असायचा. तो सुनेच्या कमरेला कधी यायचा यावरून घरोघरी रुसवेफुगवे व्हायचे. पण कुठल्या कुलपाची कुठली किल्ली, हे घरातल्या दोघी-तिघींना तोंडपाठ असायचं. घर चालवायचं म्हणजे किल्ल्या ठाऊक असायच्या. आताच्या घराच्या किल्ल्या कुठं आहेत? बँकेचा पासवर्ड नवऱ्याच्या डोक्यात, ईमेलचा पुण्यातल्या मुलाच्या फोनात, संगणकाचा ज्यानं तो बसवून दिला त्या पोराला ठाऊक. घर आपण चालवतो आणि जुडगा गावभर विखुरलेला.

याचं काय होतं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या घरी बघायला मिळालं.

भावोजींचं निपाणीला भांड्यांचं दुकान. वहीखात्याचा माणूस, पण मुलाच्या आग्रहानं लॅपटॉपवर उधारी लिहायला शिकले आणि मग त्यातच रमले. दुकानाचं झालं की घरचं. सासूबाई शेवटच्या दोन वर्षांत अंथरुणाला खिळल्या होत्या, पण दशलक्षणाच्या दहा दिवसांत त्यांना जुनी स्तवनं आठवायची. अर्धी कानडी, अर्धी मराठी, कुठल्याच पुस्तकात न सापडणारी. त्यांच्या आजीकडून त्यांना आलेली. भावोजी रोज संध्याकाळी उशाशी बसून ती रेकॉर्ड करून घ्यायचे. अशी अकरा स्तवनं झाली होती.

सासूबाई गेल्या. पुढच्याच वर्षी भावोजी अचानक गेले. झोपेतच. मुलानं रीतीप्रमाणे सगळी कागदपत्रं केली, वडिलांचा फोन नंबरही बंद केला. वर्षभर लॅपटॉप तसाच पडून होता. जाऊबाईंना उधारी बघायची होती म्हणून काढला तर चालूच होईना. दुरुस्तीला दिला. मदरबोर्ड जळला होता, त्या माणसानं नवा घातला आणि चालू करून दाखवला. निळा पडदा आला आणि त्यानं ४८ आकडे मागितले.

जुन्या बोर्डाबरोबर चिप गेली होती. किल्ली भावोजींच्या खात्यात होती. खात्याचा पासवर्ड कुणाला ठाऊक नव्हता, आणि नवा घ्यायचा तर बंद केलेल्या नंबरवर येणारा ओटीपी हवा होता. मुलगा बंगळूरहून येऊन चार दिवस बसला. मीही बसले. कपाटं काढली, जुन्या चोपड्या उलटल्या, कुठं लिहून ठेवलेलं सापडतंय का बघितलं. काही नव्हतं. दुरुस्तीवाला पोरगा अदबीनं म्हणाला, "काकू, फॉरमॅट करून देतो. नव्यासारखा चालू होईल."

जाऊबाई म्हणाल्या, "चालू होईल, पण रिकामा होऊन होईल, न्हाय काय?"

तो गप्प बसला. यात त्याचा काही दोष नव्हता. कुणाचाच नव्हता. कुलूप ज्या कामासाठी केलं होतं तेच काम त्यानं चोख केलं. किल्ली नसलेल्याला आत घ्यायचं नाही. समोर चोर आहे की घरची बाई, हे कुलपाला कुठून कळणार?

उधारीचं म्हणाल तर कितीतरी लोक आपणहून येऊन पैसे देऊन गेले. एका लग्नघरच्या मंडळींनी तर घागरींचा सगळा हिशेब चिठ्ठीवर लिहून आणला होता. काही आले नाहीत. जाऊबाईंनी त्याचं कधी नाव काढलं नाही. एकदा फक्त म्हणाल्या, "पैशाचं जाऊ दे गं. अत्तींचा आवाज आत अडकलाय बघ." मी म्हटलं, "भावोजींनी सांगून ठेवायला हवं होतं." त्यावर त्या म्हणाल्या, "ह्यांना ठाऊक असतं तर सांगितलं असतंच की. ह्यांना तरी कुठं ठाऊक होतं?"

ते अगदी खरं होतं. आपल्या घराला एक नवं कुलूप लागलं आहे हेच त्या घरात कुणाला माहीत नव्हतं. पुढं धाकट्या नणंदेच्या फोनमध्ये चार स्तवनं सापडली. भावोजींनी तिला हौसेनं पाठवली होती. ती चार आता आम्हा सगळ्यांकडे आहेत. सात त्या लॅपटॉपमध्ये आहेत, आणि तो लॅपटॉप जाऊबाईंनी फॉरमॅट करू दिला नाही. कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आहे.

राखणं आणि कोंडणं यांत अंतर किती, याची आपल्या समाजात एक जुनी आणि मोठी गोष्ट आहे. मूडबिद्रीच्या सिद्धांत बस्तीत धवला, जयधवला आणि महाबंध यांच्या ताडपत्राच्या पोथ्या शतकानुशतकं राखलेल्या होत्या. जुन्या कानडी लिपीतल्या. यात्रेकरूंना त्यांचं दर्शन मिळायचं, वाचायला मिळायचं नाही. राखणाऱ्यांच्या मनात श्रद्धाच होती, पण पत्रं झिजत होती, तुटत होती. शेवटी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्यांनी खटपट केली आणि प्रती उतरवायचं काम सुरू झालं. ते वर्षानुवर्षं चाललं. पुढं १९३९ पासून डॉ. हीरालाल जैन यांनी धवलेसह षट्खंडागम अमरावतीहून हिंदी अनुवादासकट छापायला घेतला आणि तो १६ खंडांत पुरा झाला. आज आपण स्वाध्यायाला ते ग्रंथ उघडतो. प्रत उतरली नसती तर आपण अजून नमस्कार करूनच परत आलो असतो.

आणि मुळात तो ग्रंथ लिहिला तरी का गेला? परंपरा सांगते की, गिरनारच्या चंद्रगुंफेत राहणाऱ्या आचार्य धरसेनांना आपल्यामागं हे श्रुत नाहीसं होईल अशी काळजी वाटली. त्यांनी दक्षिणेकडे निरोप पाठवून शिष्य मागवले. आले पुष्पदंत आणि भूतबली. एकाला नव्हे, दोघांना त्यांनी शिकवलं. पुष्पदंतांनी सुरुवात केली, भूतबलींनी पूर्ण केलं. ते पूर्ण झालं तो दिवस ज्येष्ठ शुद्ध पंचमी, आपली श्रुतपंचमी. त्या दिवशी बस्तीतल्या पोथ्या काढून, झाडून, त्यांना नवं वेष्टन घालायची चाल आहे. मंडळातल्या बायका वेष्टनं शिवून आणतात. वाळवी लागली आहे का, पानं चिकटली आहेत का, हे त्या निमित्तानं वर्षातून एकदा तरी बघितलं जातं.

मंडळात मी असं सुचवलं, आणि आता आम्ही ते करतो, की श्रुतपंचमीला बस्तीतून घरी आलं की घरच्या संगणकाकडेही एकदा बघायचं. फार वेळ लागत नाही. जे करतो ते इथं लिहिते, म्हणजे ज्यांना करायचं त्यांना विचारत फिरायला नको.

पहिलं, कुलूप लागलेलं आहे का ते बघायचं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज उघडून प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात डिव्हाइस एन्क्रिप्शन. तिथं चालू की बंद ते दिसतं. काही मशीनवर त्याऐवजी बिटलॉकर असं नाव असतं. ते बंद करा असं मी कुणाला सांगत नाही. चालू असेल तर राहू द्यावं, फक्त किल्ली हातात घ्यावी.

दुसरं, किल्ली कागदावर उतरवायची. मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात दुसऱ्या फोनवरून किंवा संगणकावरून गेलं की त्याच्या सगळ्या मशीनच्या रिकव्हरी की तिथं दिसतात. ४८ आकडे लिहून घ्यायचे, आणि शेजारी दिलेली किल्लीची ओळख, म्हणजे की आयडी, तीही लिहायची, म्हणजे कुठली किल्ली कुठल्या मशीनची ते कळतं. एकीनं वाचायचं, दुसरीनं लिहायचं, मग उलट करून ताडून बघायचं. एक आकडा चुकला तरी दार उघडत नाही.

"पासवर्ड लिहून ठेवू नये म्हणतात की," असं कुणीतरी विचारतंच. ते रोजच्या पासवर्डाचं झालं, जो कुठूनही कुणालाही वापरता येतो. ही किल्ली ज्या मशीनची आहे त्या मशीनसमोर बसूनच कामाला येते. चोराला मशीनही हवं आणि कागदही. म्हणून कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायचा नाही. दागिन्यांच्या, घराच्या कागदपत्रांच्या जागी ठेवायचा. आणि दोघांना ठाऊक असायला हवं. एकाला नव्हे, दोघांना. त्यातली एक घरातली बाई असावी.

तिसरं, खात्याला दुसरा रस्ता ठेवायचा. एकच फोन नंबर जोडलेला असेल तर घरातल्या आणखी कुणाचा नंबर किंवा ईमेल जोडून ठेवावा. आणि घरात कुणी गेलं तर त्यांचा नंबर घाईनं बंद करू नये. त्या नंबरवर काय काय अवलंबून आहे ते आधी बघावं. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून दुःख नसताना ठरवून ठेवावं.

चौथं, प्रत. ज्याची किंमत पैशानं भरून निघणार नाही ते, फोटो, आवाज, आजीच्या हातच्या कृती, हे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून डिस्क सोडवून कपाटात ठेवायची. सतत जोडलेली ठेवली तर संगणकात शिरलेला किडा तिच्यावरही जातो. आणि एक प्रत दुसऱ्या घरात द्यायची. नणंदेच्या फोनमधल्या चार स्तवनांनी मला हे शिकवलं.

राहिला जुन्या मशीनचा प्रश्न. विंडोज १० चा सर्वांसाठीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चिप नाही म्हणून कितीतरी चांगल्या चालत्या संगणकांना विंडोज ११ घेता येत नाही. मला हे बरं वाटत नाही. आपण अपरिग्रह सांगणारी माणसं. धड वस्तू टाकून नवी आणणं जड जातं, आणि टाकलेल्या संगणकाचा कचरा कुठंतरी कुणाच्यातरी अंगणात जाऊन पडतोच. ज्यांच्याकडे असं मशीन आहे त्यांनी बँकेची कामं त्यावर करू नयेत. नेट काढून टाकून टायपिंगला, पोरांना शिकायला, पाठशाळेच्या सूचना छापायला ते अजून पुष्कळ वर्षं चालेल.

पहिल्या वर्षी मंडळात सोळा घरांनी हे केलं. त्यातल्या नऊ घरांत कुलूप लागलेलं होतं, आणि ते लागलेलं आहे हे त्या नवांपैकी एकाही घराला ठाऊक नव्हतं. एका आजींनी, वय ऐंशीच्या वर, आकडे स्वतःच्या हातानं लिहून घेतले. आठ गट, सुवाच्य. संगणकाला त्या कधी हात लावत नाहीत. मी विचारलं, "आजी, तुम्ही कशाला त्रास घेतला?" तर म्हणाल्या, "तुमची अक्षरं मला लागत नाहीत गं. आणि माझ्या घरची किल्ली, ती मला ठाऊक नको?"

यंदाची श्रुतपंचमी जवळ आली आहे. वेष्टनांचं कापड आणून झालं आहे. ज्यांना शिवायला यायचं आहे त्यांनी दुपारी तीननंतर बस्तीच्या ओवरीत यावं. येताना घरच्या संगणकाचा मालक कोण, त्याचं खातं कुठलं आणि त्याला कुठला नंबर जोडला आहे, एवढं विचारून यावं.